पाणी, पहाटे साडेपाच

परवानगी द्या, म्हणालं ॲप. दिली.
सगळ्या नोंदी वाचू? वाच.
बदलू? इथं जरा बोट थांबलं,
पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली
आणि मी होय दाबून मोकळी झाले.

फाउंड्रीच्या ऑफिसात नवा नियम आलाय,
ज्यानं त्यानं आपलं कॅलेंडर कामाच्या ॲपला जोडायचं.
मग सहायक, म्हणजे माणूस नव्हे, तो दुसरा,
सगळ्यांच्या मोकळ्या वेळा हुडकून
मीटिंगा लावतो.
उद्यमबागेत इतकी वर्षं
मीटिंगा चहाच्या गाड्यावर आपोआप लागायच्या.

माझं कॅलेंडर म्हणजे काय,
वडगावातल्या अडीच खोल्यांचं पोट.
सिलेंडर.
आक्काच्या डोळ्यातले थेंब, तीन वेळा.
भिशी, शिंत्रेबाईंकडं.
पाणी, पहाटे साडेपाच, दर चौथ्या दिवशी
(खरं तर निंगाप्पा वाल्व्ह फिरवील तेव्हा).
शनिवार, चार ते पाच: काही नाही.

दुसऱ्या दिवशी सहायकाचा निरोप, मराठीत,
इथल्या नव्हे, इस्त्री केलेल्या:
‘पाणी यांच्यासोबत आपली वारंवार बैठक दिसते.
त्यांचा ईमेल उपलब्ध नाही. आमंत्रण पाठवावे का?’
आक्काला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, पाठीव की,
तेवढ्यानं तरी वेळेवर येतंय काय बघू.

मग दुसरा:
‘दादांची तिथी ही नोंद दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते,
मधूनच एकोणीस दिवस पुढे उडी मारते.
एक तारीख निश्चित करावी का?’

सात वर्षं झाली. सातही वेळा ती नोंद
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात वद्य अष्टमी शोधून
हातानं लावली आहे.
दादा जिवंत असतानाही असेच होते,
आठला येतो म्हणायचे,
लूम बंद करून कधी नऊ, कधी अकरा.
त्यांना आता तारखेला बांधायचं म्हणजे
गेल्यावर शिस्त लावल्यासारखं.
नको, दाबलं.

शनिवारची वेळ मात्र त्यानं विचारलीच नाही.
‘काही नाही’ म्हणजे काही नाही असं समजून
डिस्पॅचची बैठक ठेवून दिली.
त्या तासाला मी कुठं असते
ते मी इथंही सांगणार नाही.
खोडून लिहिलं: दातांचा डॉक्टर.
पाच आठवडे झाले, दर शनिवारी
माझी एक दाढ दुखते.

एक नोव्हेंबरला त्याचा गोंधळ उडाला.
श्रीशैल हुक्केरीच्या कॅलेंडरात झेंड्याचं चित्र,
माझ्याकडं नुसता काळा ठिपका.
‘एकाच दिवशी परस्परविरोधी नोंदी. कोणती ठेवावी?’
आमची टेबलं समोरासमोर आहेत.
दोघांनी स्क्रीन वाचली,
दोघांनी ती खिडकी मिटली,
आणि कास्टिंगचा ट्रक कुठं अडकलाय यावर बोललो.

चार वर्षं या माणसाशी
चलन, गेटपास आणि गुड मॉर्निंग,
त्यापलीकडं काही नाही.
त्याच्या स्क्रीनवर माझ्या नोंदी
कन्नडमध्ये दिसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

गुरुवारी नऊची मीटिंग
कुणीतरी साडेनऊवर सरकवलेली.
मी पोचले, केस अजून ओले,
आणि तो वर न बघताच म्हणाला,
‘नीर बंतेन्री?’

आलं, म्हटलं. सव्वासहाला. बारीक धार.

रात्री परवानग्यांचं पान उघडलं, सगळं बंद करायला.
‘बदलू’ काढून टाकलं.
‘वाचू’वर बराच वेळ बोट ठेवून बसले.
मग आक्काच्या थेंबांची वेळ झाली.

पहाटे गल्लीत सायकल वाजली.
निंगाप्पा. खांद्यावर लोखंडी चावी,
खिशात साधा फोन, तोही बंद.
कुणालाच न जोडलेला.
खाली वाकला
आणि आमच्या सगळ्यांचा दिवस फिरवला.